पाण्याचा कौल

काकीचं दार चैत्रात अडकायला लागलं.

पावसाळ्यात दार अडकणं आम्हाला नवीन नाही. लाकूड फुगतं, आणि आषाढात आमच्या वाडीतल्या प्रत्येक घरातून दाराला खांदा मारल्याचा आवाज येतो. पण चैत्रात लाकूड सुकतं, दार उलट सैल होतं, कडी खुळखुळते. काकीचं दार मात्र भर उन्हाळ्यात वरच्या कोपऱ्यात चौकटीला घासायला लागलं. तिने पालीहून सुतार बोलावला. त्याने वरची कड रंधून दिली, चहा प्याला आणि गेला. वैशाखात दार परत अडकलं, त्याने परत रंधलं. त्यानंतर आला तेव्हा म्हणाला, "काकी, तुमचं दार वाढतंय की काय?" सगळे हसले, मी पण हसले. मग पाखाडीच्या दगडी पायऱ्या उतरताना माझं हसू थांबलं. दार कशाला वाढेल? चौकट हलली असणार, आणि चौकट काय आपली आपण हलत नाही.

काकी म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. काका जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगे मुंबईला. तिचं घर वाडीत सगळ्यात वरचं, डोंगराला पाठ लावून बसलेलं. आमचं खाली, रस्त्याला लागून. लहानपणी आईने धपाटा घातला की मी रडत पाखाडी चढायचे आणि काकीच्या पडवीत जाऊन बसायचे. काकी कधी "का रडतंस" म्हणून विचारायची नाही. समोर भाकरी ठेवायची आणि आपलं काम करायची. आईपेक्षा मी तिची जास्त, असं आई अजून टोमणा मारते, आणि ते खरंही आहे. म्हणून त्या दाराचं कुणाला काही वाटो न वाटो, मला झोप येईना.

शिवाय डोंगरावर काय केलंय, ते मला ठाऊक होतं. करणाऱ्यांत मी होते, आणि तेही फेलो म्हणून.

पर्यावरण शिक्षण आणि हवामान समता, असं त्या फेलोशिपचं भारदस्त नाव. मी रत्नागिरीला कॉलेजात होते, वर्गातल्या एकीने अर्ज केला म्हणून मी पण केला. आपापल्या गावच्या शाळेतली मुलं जमवायची आणि त्यांच्याबरोबर वर्षभर काहीतरी करायचं, असं काम. मिरकरवाड्यातल्या एकीने जाळ्यात येणारं प्लास्टिक घेतलं. मी पाणी घेतलं. दुसरं काय घेणार? आमच्याकडे चार महिने आभाळ फाटल्यासारखा पाऊस, आणि शिमगा झाला की बायकांच्या डोक्यावर हंडे. कोकणात राहून पाणी नाही, हे बाहेरच्या माणसाला पटतच नाही. पडतो तसा पळतो. डोंगरमाथ्याच्या सड्यावरून पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, पऱ्यातून नदीत, नदीतून भाट्याच्या खाडीत. चैत्र-वैशाखात काकी त्या वयात खालच्या विहिरीवरून कळशी घेऊन पाखाडी चढायची, मध्ये दोनदा बसायची. ते बघून माझा जीव तुटायचा.

प्रशिक्षण पुण्याला होतं. तिथल्या ताई हुशार होत्या, प्रेमळही होत्या. त्यांनी फळ्यावर एक वाक्य लिहिलं होतं, की हवामान ज्यांनी बिघडवलं नाही त्यांच्याच डोक्यावर ते आधी कोसळतं. मला ते इतकं पटलं की आमच्या शाळेतल्या मुलांकडून मी त्याचा मोठा तक्ता करून वर्गात लावला. त्याच प्रशिक्षणात माणदेशातला एक मुलगा होता. त्याच्या गावाने उघड्याबोडक्या डोंगरावर आडवे चर खोदले होते. पाऊस चरात थांबतो, जमिनीत जिरतो आणि खालच्या विहिरींना पाणी राहतं. त्याने फोटो दाखवले, आधी माळरान आणि नंतर हिरवंगार. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला तर काकीची कळशीच दिसली. मी तिथेच ठरवून टाकलं.

आता गंमत बघा. त्याचा डोंगर वेगळा आणि आमचा वेगळा. आमच्याकडे वर जांभ्याचा सडा असतो आणि त्याच्या खाली शेडी. शेडी म्हणजे पांढरी-गुलाबी चिकणमाती, हाताला लोण्यासारखी लागणारी. ओली झाली की तिच्यावर म्हैस उभी राहत नाही. हे कुणा शास्त्रज्ञाने शोधून काढायला नको, आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा शेडीचे बैल करून खेळतं. शेडी माहीत, पाणी माहीत, डोंगर माहीत. पण तिन्ही एकत्र करून कुणी बघितलं नाही. पाण्याची तहान अशी असते की माणूस पाण्यापलीकडे बघत नाही.

आणि आम्ही देवाला विचारलं होतं ना.

आमच्या गावात देवाला विचारल्याशिवाय कुणी जमिनीत कुदळ मारत नाही. घर बांधायचं असो, विहीर पाडायची असो, आधी देवळात कौल लावायचा. गुरव फुलाच्या पाकळ्या ओल्या करून देवाच्या पाषाणाला उजवीकडे आणि डावीकडे चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि आम्ही सगळे "होय महाराजा" म्हणतो. मग वाट बघायची. उजवीकडची पाकळी आधी पडली तर देवाचा होकार, डावीकडची पडली तर नकार. मी विज्ञान शिकणारी मुलगी, मनातल्या मनात हसायचे. तरी पाकळी हलली की माझ्याही अंगावर काटा यायचा, हे खोटं कशाला बोलू.

चर खोदायच्या आधी गुरवकाकांनी विचारलं, "ह्या कामानं वाडीला बारा महिनं पानी मिळनार असंल, तर उजवा दे." पाकळी जवळजवळ लगेच पडली. लोकांना इतका आनंद झाला की कुणीतरी जाऊन गूळ-खोबरं आणलं. देवाला विचारलं ते पाण्याचं. डोंगराचं कुणी विचारलं नाही.

सडा एका बागायतदाराचा, तो रत्नागिरीत राहतो. सड्याच्या कडेला त्याने हापूसची नवी कलमं लावली होती आणि दर उन्हाळ्यात ती करपायची. चर मारू का म्हणून विचारल्यावर तो खूश झाला. पोरं, पोरांचे आईबाप, मी, माझे वडील, सगळ्यांनी मिळून सुट्टीभर चर खोदले. काकी वर येऊन सगळ्यांना कोकमाचं सरबत देऊन गेली. माझ्या आयुष्यातले ते फार सुंदर दिवस होते.

त्या पावसाळ्यात चर तुडुंब भरले. पावसाळा संपला, दिवाळी झाली, शिमगा झाला, आणि काकीच्या घरामागे एक झरा होता तो आटलाच नाही. आटला नाही म्हणजे काय, वाढला. लोकांनी त्याला पाइप लावला. काकी आता परसात उभी राहून कळशी भरायची. पुण्याहून फेलोशिपची माणसं कॅमेरा घेऊन आली, त्यांनी काकीला पाइपाखाली हात धरून उभं केलं. काकी कॅमेऱ्यात बघून म्हणाली, "देवानं दिलंन, पोरीनं आनलंन." मला रडू आलं. वडील त्यानंतर महिनाभर पालीच्या बाजारात ताठ मानेने फिरत होते.

आणि त्याच चैत्रात दार अडकलं.

एकदा दार दिसल्यावर बाकीचं दिसायला लागलं. काकीच्या मागच्या भिंतीचा पाया भर उन्हाळ्यात ओलसर. परसातल्या पोफळी सगळ्या एकाच बाजूला, खाली, कललेल्या. गोठ्याच्या वरचा दगडी गडगा पोट सुटल्यासारखा पुढे आलेला. वर चढून गेले तर सड्याच्या कडेला, चरांच्या खालच्या अंगाला, गवतात एक भेग. फार मोठी नाही, माझा हात मनगटापर्यंत जाईल एवढी. हात घातला तर आत गार होतं. मी तो झटकन बाहेर काढला.

मी ताईंना फोन केला. म्हटलं, चर बुजवायला हवेत, खाली शेडी आहे, पाणी तिच्यावर साचतंय. ताईंनी आधी माझी विचारपूस केली. मग म्हणाल्या, "तू खूप दडपणाखाली आहेस का? आपली फिल्म सगळ्यांना इतकी आवडली आहे. आपण तज्ज्ञांशी बोलू, घाई नको." तज्ज्ञ पावसाळ्यानंतर येणार होते. उंटावरून शेळ्या हाकायच्या तर ऋतू कोणता आहे ते कशाला बघायचं? मी चिडून फोन ठेवला.

मग बागायतदाराकडे गेले. त्याने बसवलं, आंबा कापून दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाळ, पहिल्यांदा माझी कलमं जगलीत. तुम्हीच खोदलेत ना चर? आता तुम्हीच म्हणता बुजवा." त्यात चुकीचं असं काही नव्हतं, म्हणून तर जास्त राग आला. वर पाणी जिरणार ते त्याच्या कलमांना, आणि खाली उतरणार ते आमच्या काकीच्या पाठीत. तो बिचारा रत्नागिरीत पंख्याखाली. तक्त्यावरच्या वाक्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. परतीच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून रडले.

वाडीतल्या लोकांशी बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. "पानी आलं तर तुझ्या पोटात का दुखतंय?" एक बाई म्हणाली, आणि हीच बाई चर खोदताना माझ्या शेजारी होती. तलाठी दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर नोटीस लावून जातो, की डोंगराखालच्या घरांनी सुरक्षित ठिकाणी जावं. ती नोटीस भिंतीवर भिजते आणि गळून पडते. हे असं इतकी वर्षं चाललंय की नोटीस आली म्हणजे बेगमीच्या लाकडांवर माडाची झापं टाकायची वेळ झाली, एवढाच तिचा अर्थ उरलाय.

काकीला सांगितलं तर तिने सगळं नीट ऐकलं. मागच्या भिंतीला हात लावून बघितला. मग म्हणाली, "देवानं उजवा दिलाय गो. तो काय मना मारायला देईल?"

 घरी आल्यावर वडील म्हणाले, "तुझं ऐकणार नाहीत. देवाचं ऐकतील." ते सहज बोलले. मी मात्र ते वाक्य धरून बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी देवळात गेले. गुरवकाका एकटेच होते, समया घासत बसले होते. मी म्हटलं, पुन्हा कौल लावायचा, यंदा डोंगराचा. पावसाचा जोर असेल तेवढे दिवस वाडीने शाळेत जाऊन राहावं का, असं विचारायचं. ते म्हणाले, "लावू की." मग मी म्हटलं, "काका, उजवीकडची पाकळी कमी ओली लावाल?"

त्यांचा हात थांबला. मला वाटलं आता हे मला देवळातून हाकलून देतात. त्यांनी समई उलटी करून बघितली. मग म्हणाले, "माझं घर पन वाडीतच हाय." आणि परत समई घासायला लागले. होकार की नकार, मला कळलं नाही. विचारायचा धीरही झाला नाही.

आषाढात कौल लागला. बाहेर पाऊस असा की गाऱ्हाणं नीट ऐकू येईना. सगळी वाडी ओल्या इरल्या-छत्र्या घेऊन देवळात उभी. काकी पुढे, पाषाणाच्या जवळ, तिची जागा ठरलेली आहे. गुरवकाका पुढे झाले. पाकळी लावण्याआधी त्यांनी पंच्याच्या टोकाने पाषाणाची उजवी बाजू पुसली. अगदी हलकेच, घाम पुसावा तशी. मी ते बघितलं, आणि माझे कान तापले. "वाडी सोडून शाळंत ऱ्हावं अशी तुझी आज्ञा असंल, तर उजवा दे, म्हाराजा." "होय महाराजा," सगळे म्हणाले. पाकळी लगेच पडली.

 जी बाई मला बोलली होती तीच आधी घरी धावली, मुलं आणि अंथरुणं गोळा करायला. मी इतके दिवस घसा फोडत होते ते काम एका पाकळीने केलं. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

काकी माझ्या शेजारून जाताना थांबली. हळू म्हणाली, "कौल लावताना देवाचा दगड कोन पुसत नाय गो."

मी खाली बघितलं.

"मी येतंय," ती म्हणाली. "पन देव बोलला म्हनून नाय. तू येवडी भ्यायलीस की देवाला पन खोटं बोलायला लावलंस, म्हनून."

मग शाळेत राहिलो आम्ही सगळे. माझ्या त्या तक्त्याखाली बायकांनी चुली मांडल्या, तक्ता धुराने पिवळा पडला. पाऊस कोसळत होता. रोज सकाळी कुणीतरी वर जाऊन बघून यायचं आणि सांगायचं, घरं आहेत तशी आहेत. मी काय सांगू? मला दर वेळी हायसं वाटायचं आणि त्याच्या मागोमाग चीड यायची. डोंगर थोडासा तरी येऊ दे, एखादा रिकामा गोठा जाऊ दे, म्हणजे यांना कळेल, असं मनात यायचं. स्वतःची किळस वाटायची. तरी यायचंच.

डोंगर आला नाही. पाऊस ओसरला, श्रावणात ऊन पडलं आणि लोक अंथरुणं डोक्यावर घेऊन वर गेले. सगळ्यांत आधी काकी गेली. तिची गाय तिकडे होती.

कुणी भांडलं नाही. भांडले असते तर परवडलं असतं. माझं नाव हवामान खातं पडलं. मी दिसले की, "काय हवामान खातं, आज छत्री घेऊ काय?" मी पण हसून उत्तर द्यायचे, दुसरं काय करणार. पण गुरवकाकांचं वाईट झालं. देवाचा कौल फुकट गेला, असं गावात पहिल्यांदा बोललं गेलं. एकदा पाखाडीवर समोरासमोर आलो तेव्हा ते बाजूला झाले, मला वाट दिली आणि म्हणाले, "परत इचारायला येऊ नुको." ते रागावलेले नव्हते. थकलेले होते. आमच्या वाडीला हलवणारी एकच गोष्ट या गावात होती, आणि ती मी वापरून संपवली होती.

काकीच्या दारासाठी सुतार परत आला. यावेळी तो विनोद न करता गेला. त्याने काकीला सांगितलं, आता रंधायला लाकूड उरलं नाही, आतले खिळे दिसायला लागले. काकी दाराला आतून पाटा टेकवून ठेवायला लागली.

आणि मग गणपती आले. गणपतीला आमच्या वाडीत पाय ठेवायला जागा नसते. मुंबईचे चाकरमानी पोराबाळांसकट येतात, वर्षभर जिथे दोन म्हातारी माणसं खोकत असतात तिथे पडवीभर चपला. काकीचे दोन्ही मुलगे आले, सुना आल्या, नातवंडं आली. धाकट्याचं लग्न वैशाखात झालेलं, नवी सूनबाई पहिल्या ओवशाची होती. गौरी आली की नव्या सुनेने सुपं घेऊन गौर ओवसायची, हा आमच्याकडे लग्नाइतकाच मोठा सोहळा. काकी महिनाभर सुपं सारवत होती. तिच्याकडे गणपती दर वर्षी गौरीबरोबर जातो, सासऱ्याच्या सासऱ्यापासून तसंच चालत आलंय. पोरांची झोपायची जागा माजघरात, मागच्या भिंतीला लागून, कारण पुढे गणपती.

गणपती बसले त्या दिवशी दुपारी पाऊस सुरू झाला. श्रावणभर दडी मारून बसलेला, तो असा आला की आरती ऐकू येईना. रात्रभर पडला. सकाळी मी आरतीला म्हणून पाखाडी चढले तेव्हा काकीचा थोरला मुलगा परसात उभा राहून पाइप हलवत होता.

"पाणी बंद झालंय," तो म्हणाला. "पाइपात काहीतरी अडकलं बहुतेक."

मी पाइप काढून झऱ्याच्या तोंडाशी बघितलं. काही अडकलेलं नव्हतं. पाणीच येत नव्हतं. चैत्रात, वैशाखात, भर उन्हाळ्यात वाहणारा झरा, आणि एवढ्या पावसात कोरडा. म्हणजे पाणी आत कुठेतरी तुंबलं होतं.  मी त्याला म्हटलं, दादा, आत्ताच्या आत्ता पोरांना खाली घेऊन चला. तो हसला. वाईट माणूस नाही तो, मला लहानपणी खांद्यावर घेऊन फिरलेला आहे. म्हणाला, "आलं का हवामान खातं? अगं, गणपती बसलेत घरात. असं कुठे जायचं?"

काकी मागच्या दारात उभी होती. किती वेळ होती कुणास ठाऊक. ती पावसात उतरली, झऱ्याकडे गेली, वाकून त्याच्या तोंडात हात घातला. मग घरात येऊन माजघराच्या भिंतीला तळवा लावला. भिंतीच्या पायातून गुलाबीसर पाणी येत होतं, आणि नातवंडं त्यात कागदाच्या होड्या सोडत होती. काकीने हात लुगड्याला पुसला. माझ्याकडे बघितलं. 

"उत्तरपूजा करा," ती मुलांना म्हणाली. "गनपती आज जाईल."

"आई, काहीतरीच काय? गौरी यायच्या आहेत. ओवसा आहे हिचा."

"गौर खालच्या घरी बसवू. आज जाईल गनपती."

"गुरवाला विचारलंस? कौल लावला?"

"नाय लावला," काकी म्हणाली. "मी सांगतंय."

नवी सूनबाई रडायला लागली. काकीने सारवलेली सुपं उचलून तिच्या हातात दिली आणि म्हणाली, घेऊन चल. मग तिने स्वतः गणपतीसमोर अक्षता टाकल्या, मूर्ती जागची हलवली. थोरल्याने टोपी घातली आणि पाट डोक्यावर घेतला, कारण आता दुसरं काही करणं शक्यच नव्हतं. मूर्ती हलली की ती परत बसत नाही. गणपती निघाला म्हणजे घरातल्या लहानथोराने मागून निघायचं, ही रीत. काकीने एकेका नातवंडाचा हात धरून बाहेर काढलं. धाकट्याने गाय सोडली. सगळ्यांत शेवटी काकी आणि मी निघालो. तिने सवयीने दार ओढलं. ते चौकटीत अर्ध्यावरच बसलं, मागेही जाईना, पुढेही येईना.

आम्ही पावसात पाखाडी उतरू लागलो. टाळ नाही, मोरया नाही. आमच्याकडे ठरल्या दिवसाआधी गणपती घरातून जातो तो एकाच कारणाने, कुणी गेलं तर. सुतक लागलं की देवाला घरात ठेवत नाहीत. त्यामुळे आम्हाला बघून घराघरातली माणसं दारात आली. आरतीचे आवाज एकेक करून थांबले. मला बोलणारी ती बाई निरांजन हातात घेऊनच धावत अंगणात आली. तिने घाबऱ्याघाबऱ्या आमची डोकी मोजली, काकीला बघितलं, मुलांना बघितलं.

"काकी," ती म्हणाली, "कोन गेलं?"

काकी चालायची थांबली नाही.

"कोन नाय," ती म्हणाली. "अजून कोन नाय."

ती बाई तशीच उभी राहिली. निरांजन पावसाने विझलं. मग तिने वर, काकीच्या घराकडे बघितलं, वळली आणि आपल्या नवऱ्याला हाक मारली. मला पुढचं ऐकू आलं नाही. काकी पुढे गेली होती आणि पाखाडी निसरडी होती, म्हणून मी तिचा हात धरायला धावले.